प्रबंधासाठी मतदानाची नोंद: युरोपीय संसद की मंत्रिपरिषद?

युरोपीय संघाच्या सुरक्षा धोरणावर प्रबंध लिहिणारा विद्यार्थी आधी संसदेकडे वळतो. साहजिकच आहे. 720 सदस्यांपैकी कोणी बाजूने, कोणी विरोधात मत दिले आणि कोण तटस्थ राहिले, ते नावानिशी मिळते. कायद्यांवरील अंतिम मतदान 2009 पासून नावानिशीच होते. मात्र हात वर करून झालेल्या मतदानात कोणी काय केले हे कळत नाही. गैरहजर आणि तटस्थ यांना एकाच रकान्यात टाकले, तर निष्कर्षच फसतो.

खरी अडचण वेगळी आहे. परराष्ट्र व सुरक्षा धोरणात संसदेचे ठराव बंधनकारक नसतात. निर्णय संघाचे 27 सदस्य देश घेतात, तोही बहुधा एकमताने.

मग मंत्रिपरिषद, म्हणजे सदस्य देशांच्या मंत्र्यांची परिषद? कायद्यांवरील तिचे मतदान जाहीर होते. तिथे पात्र बहुमतासाठी 55 टक्के देश आणि 65 टक्के लोकसंख्या लागते, त्यामुळे तटस्थता प्रत्यक्षात विरोधच ठरते. एकमताच्या निर्णयात मात्र तटस्थ देश वाट अडवत नाही: 2008 मध्ये संघाच्या कोसोवोतील पोलीस-न्याय मोहिमेच्या वेळी सायप्रसने हेच केले. डिसेंबर 2023 मध्ये युक्रेनशी प्रवेशवाटाघाटींचा निर्णय होताना हंगेरीचे तत्कालीन पंतप्रधान ओर्बान खोलीबाहेर गेले, त्यामुळे एकमत अडले नाही. ती बैठक राष्ट्रप्रमुख-सरकारप्रमुखांच्या युरोपीय परिषदेची. तिला मंत्रिपरिषद समजू नका, ही चूक फार होते.

पक्षीय फूट अभ्यासायची तर संसद घ्या. सुरक्षेचा निर्णय कसा झाला हे हवे असेल, तर मंत्रिपरिषद. पण तक्त्यांवर न थांबता इतिवृत्ते, निवेदने आणि मुलाखती जोडा.