आठ अक्षरांच्या डॉसवर ग्रॉफ न्यावं की टेक?

युनिक्सवर अक्षरजुळणीची दोन जुनी घराणी आहेत: ट्रॉफ (आज वापरतात ती त्याची ग्नू आवृत्ती, ग्रॉफ) आणि टेक. आज लिनक्सवर दोन्ही एकेका कमांडीत बसतात, त्यामुळे त्यांच्या फाइलींची नावं काय आहेत हे कुणी बघत नाही. बघावं लागतं ते हे सॉफ्टवेअर डॉस या जुन्या पीसी-सिस्टिमवर चालेल असं बदलताना, म्हणजे पोर्ट करताना. तिथं आठ अक्षरांचं नाव, एक डॉट आणि तीन अक्षरांचं एक्स्टेन्शन, एवढीच जागा असते.

सोलापुरात हा प्रश्न अजून पडतो. एमआयडीसीत आणि पेठांतल्या छापखान्यांत डॉसवर चालणारी मशीनं माझ्या पाहण्यात आहेत. इंजिनिअरिंगची मुलंही शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी फ्रीडॉसवर (डॉसची मुक्त आवृत्ती) काय पोर्ट करता येईल, असं विचारत येतात. ग्रॉफ की टेक, यावर त्यांना जे सांगतो ते इथं सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगतो. मराठी मजकूर छापायचा असेल तर टेक घ्या, दुसरा विचार करू नका. पोर्टिंग शिकायचं असेल आणि मजकूर इंग्रजी असेल तर ग्रॉफ जास्त शिकवतं. आणि दोन्हींत, फाइलचं नाव गुपचूप कापलं जाईल असा रस्ता कधीही धरू नका. या तिसऱ्या गोष्टीपासूनच सुरुवात करू, कारण पोर्ट बिघडतो तो बहुतेक इथंच.

नाव कापलं जातं तेव्हा काय होतं

एमएस-डॉसला लांब नाव दिलं तर ते तक्रार करत नाही. पहिली आठ अक्षरं ठेवतं, एक्स्टेन्शनची पहिली तीन ठेवतं, बाकीचं टाकून देतं. वाचताना आणि लिहिताना दोन्ही वेळा असंच कापत असल्यामुळे वरवर सगळं चालतंय असं वाटतं. टेकवर उभारलेल्या लाटेकचं लाँगटेबल हे पॅकेज घ्या. रोमन लिपीत त्याचं नाव नऊ अक्षरी आहे. डॉसवर शेवटचं अक्षर गळतं, पण मागतानाही तेच गळतं, म्हणून फाइल सापडते.

घात होतो तो दोन नावांची पहिली आठ अक्षरं सारखी असतात तेव्हा. ग्रॉफमध्ये एमएम मॅक्रोंचं मॅन्युअल 'ग्रॉफ_एमएम' या नावाचं आणि स्वीडिश आवृत्तीचं 'ग्रॉफ_एमएमएसई' या नावाचं आहे. पहिल्याची रोमन अक्षरं अंडरस्कोर धरून बरोबर आठ. दुसरं आठवर कापलं की तेही तेच होतं. फाइलींचं गाठोडं साध्या टार प्रोग्रामने उघडलं तर नंतर आलेली फाइल आधीच्या फाइलवर बसते आणि स्क्रीनवर एक ओळही उमटत नाही.

आजच्या टेक लाइव्हमध्ये, म्हणजे टेकच्या तयार संचात, तर हे पावलोपावली आहे. फाँटस्पेक या पॅकेजचं नाव नेमकं आठ अक्षरी. त्याच्या शेजारी झीटेक आणि लुआटेक या टेकच्या नव्या रूपांसाठी त्याच नावाला शेपूट जोडलेल्या दोन फाइली. कापल्यावर तिन्ही एकच. आकृत्या काढणाऱ्या टिक्झ पॅकेजच्या लायब्ररींची सगळी नावं 'टिक्झलायब्ररी' या शब्दाने सुरू होतात, म्हणजे ती सगळीच्या सगळी एका नावात कोसळतात. शिवाय त्या नावांत दोन-दोन डॉट, जे डॉसला मुळात मान्यच नाहीत.

चादरीच्या मागावर जॅकार्डचं एक कार्ड चुकीच्या जागी लागलं तरी माग थांबत नाही, चूक दिसते ती कापड विणून बाहेर आल्यावर. कापलेल्या नावांचंही असंच आहे.

टेक: नावांची शिस्त आधीपासूनच

डोनाल्ड क्नूथ यांनी टेक पहिल्यांदा ज्या पीडीपी-१० मशीनवर लिहिलं, तिथं फाइलचं नाव सहाच अक्षरांचं असे. त्या सवयीचा फायदा आज आपल्याला मिळतो. कॉम्प्युटर मॉडर्न घराण्यात ७५ फाँट आहेत आणि त्यांतल्या सगळ्यांत लांब नावांची धाव आठ अक्षरांवर थांबते. 'सीएमएसएसबीएक्स१०' हे मराठीत लिहिलं की भलं मोठं दिसतं, पण रोमनमध्ये मोजा: सहा अक्षरं आणि दोन अंक.

पुढे पोस्टस्क्रिप्ट फाँट आले तेव्हा 'टाइम्स-रोमन'सारख्या लांब नावांचं काय करायचं हा प्रश्न पडला. १९९० मध्ये कार्ल बेरी यांनी त्यावर एक संकेत मांडला. 'पीटीएमआर८टी' या सहा अक्षरी नावात पी म्हणजे अडोबी, टीएम म्हणजे टाइम्स, आर म्हणजे सरळ वळण आणि ८टी म्हणजे एन्कोडिंग. आज ही नावं बघून नवी मुलं वैतागतात. मला मात्र हे काम फार मोलाचं वाटतं, कारण एकाच फाइलींचा संच युनिक्स, डॉस आणि सीडी या तिन्हींवर नाव न बदलता नेता आला तो यामुळे.

टेकमध्ये एक जागा मात्र अवघड होती, ती बिटमॅप, म्हणजे ठिपक्यांनी बनलेल्या, फाँटची. युनिक्सवर या फाइलीच्या एक्स्टेन्शनमध्येच रिझोल्यूशन लिहीत: ३००जीएफ, ३००पीके. फाँट बनवणारा मेटाफाँट हा प्रोग्राम जीएफ फाइल बनवतो, मग दुसरा प्रोग्राम ती आवळून पीके बनवतो. डॉसवर दोन्हींचं एक्स्टेन्शन नुसतं ३०० उरतं. म्हणजे जी फाइल वाचायची तिच्यावरच लिहायची पाळी. यावर टेकच्या डिरेक्टरी रचनेने काढलेला तोडगा सरळ आहे: रिझोल्यूशन फाइलच्या नावातून काढून डिरेक्टरीच्या नावात टाकलं. 'डीपीआय३००' नावाची डिरेक्टरी आणि तिच्यात साधं पीके एक्स्टेन्शन. तुमच्या पोर्टमध्ये अशी कुठलीही अडचण आली तर हाच विचार करा. नावात कोंबलेली माहिती डिरेक्टरीत हलवता येते का, हे आधी बघा.

टेकची दुसरी जमेची बाजू म्हणजे तो एकटा प्रोग्राम आहे. एक फाइल वाचतो, जुळवलेल्या पानांची डीव्हीआय फाइल लिहितो. पाइप (एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्याला देणं) नाही, सोबतीला दुसरा प्रोग्राम चालू असण्याची गरज नाही. क्नूथ यांनी मशीननुसार बदलणारा भाग वेगळा काढून ठेवलाय. मूळ सोर्सला हात न लावता 'चेंज फाइल'मधून तो बदलता येतो.

दोन खाचखळगे मात्र लक्षात ठेवा. डीव्हीआय, टीएफएम (फाँटची मापं) आणि पीके या फाइली बायनरी मोडमध्येच उघडायच्या. टेक्स्ट मोडमध्ये उघडल्या तर डॉसचा कंपायलर ओळ संपण्याची चिन्हं बदलतो आणि कंट्रोल-झेड दिसताच फाइल संपली असं समजतो. दुसरं, डॉसच्या पाथमधला उलटा स्लॅश टेकला कमांडची सुरुवात वाटतो. टेकच्या फाइलीत पाथ लिहिताना सरळ स्लॅशच वापरा, डॉसचे आतले कॉल तो बिनतक्रार घेतात.

आता मराठीचं. फ्रान्स वेल्थुइस यांनी १९९१ मध्ये ग्रोनिंगन विद्यापीठात देवनाग हा प्रीप्रोसेसर (टेकच्या आधी चालणारा प्रोग्राम) आणि त्याचे देवनागरी फाँट तयार केले. तुम्ही रोमन अक्षरांत ठरावीक पद्धतीने मजकूर टाइप करायचा, देवनाग त्यातून जोडाक्षरं लावून टेकची फाइल काढतो. प्रोग्राम सी भाषेत आहे आणि फाँटांची मूळ नावं आठच्या आत आहेत. पुढच्या आवृत्त्यांत मुंबई वळणाची अक्षरं निवडायची सोयही आली, ती आपल्याकडे हवीच. चाचणी घेताना 'दऱ्या', 'वाऱ्यावर', 'कृष्ण', 'द्वंद्व' असे शब्द पहिल्यांदा छापून बघा. नुसतं 'सोलापूर' नीट आलं म्हणून समाधान मानू नका.

ग्रॉफ: आटोपशीर, पण डॉसशी पटत नाही

ट्रॉफ जो ऑसाना यांनी बेल लॅब्जमध्ये १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला लिहिलं. त्या काळच्या युनिक्सवर फाइलचं नाव १४ अक्षरांपर्यंतच जायचं, त्यामुळे मूळ ट्रॉफची मॅक्रोंची नावं तोकडीच होती. आपण पोर्ट करणार ते मात्र जेम्स क्लार्क यांचं ग्रॉफ. त्याची पहिली आवृत्ती १९९० ची, आणि ते वाढलं लांब नावांच्या मशीनवर.

खरी अडचण पाइपची आहे. ग्रॉफ म्हणजे एक प्रोग्राम नव्हे. टेबलांसाठी टीबीएल, गणितासाठी ईक्यूएन, चित्रांसाठी पिक, मग ट्रॉफ, मग पोस्टस्क्रिप्ट लिहिणारा ग्रॉप्स, अशी साखळी. युनिक्सवर हे सगळे एकाच वेळी चालतात आणि एकाचं आउटपुट थेट दुसऱ्यात जातं. डॉसवर एका वेळी एकच प्रोग्राम, त्यामुळे प्रत्येक टप्पा तात्पुरत्या फाइलीत उतरवून पुढचा सुरू करावा लागतो. ग्रॉफच्या सोर्समध्ये डॉससाठी हा भाग लिहिलेला आहे. तो वाचाच. विद्यार्थ्याला पाइप म्हणजे नेमकं काय हे एखाद्या प्रकरणापेक्षा त्यातून चांगलं कळेल.

ग्रॉफ सी++मध्ये आहे, म्हणून डीजे डेलोरी यांचं डीजेजीपीपी (डॉससाठीचा सी/सी++ कंपायलर) आणि किमान ३८६ प्रोसेसर लागतो. बिल्डच्या फाइलीही आडव्या येतात. 'कॉन्फिगर' हेच नऊ रोमन अक्षरांचं. 'कॉन्फिग डॉट एच डॉट इन'मध्ये दोन डॉट. मॅक्रोंचं एक्स्टेन्शन 'टीमॅक' चार अक्षरांचं, ते तिनावर कापलं जातं. यातलं काहीही असाध्य नाही, पण प्रत्येकाची दखल घ्यावी लागते.

आणि देवनागरीची अक्षरं जोडणं ग्रॉफला येत नाही. नवीन आवृत्त्या युनिकोड मजकूर घेतात, तरी वेलांटी योग्य जागी बसवणं आणि जोडाक्षर घडवणं हे काम तिथं होत नाही. आपल्यापैकी बहुतेकांसाठी विषय इथंच संपतो.

नावांचं काय करायचं

तीन मार्ग आहेत आणि ते एका तोलाचे नाहीत.

लांब नावांचा ड्रायव्हर, म्हणजे फ्रीडॉसवर डॉसएलएफएन, हा सगळ्यांत सोपा वाटतो. डीजेजीपीपीने बनवलेले प्रोग्राम त्याचा उपयोग करून घेतात, जुने १६ बिटचे प्रोग्राम नाही. पण तीच डिस्क ड्रायव्हर नसलेल्या मशीनला लावली की लाँगटेबलच्या जागी सहा अक्षरं, एक लाटेसारखं चिन्ह (~) आणि १ असं नाव दिसतं. प्रोग्राम मात्र आठवर कापलेलं नाव शोधत असतो, आणि त्याला फाइल सापडत नाही. लिनक्सवरून पेनड्राइव्हवर कॉपी केलेल्या फाइलींचंही फ्रीडॉसमध्ये हेच होतं. निदान एरर तरी येते. स्वतःच्या टेबलावरच्या मशीनपुरता हा मार्ग चालेल, दुसऱ्याच्या छापखान्यात बसवायचं असेल तर नाही.

दुसरा मार्ग म्हणजे नावं आधीच, लिनक्सवर असतानाच, हाताने ठरवून बदलणं आणि जुनं-नवं नाव असा तक्ता सोर्ससोबत ठेवणं. डीजेजीपीपीच्या डीजेटारला असा तक्ता देता येतो, उघडताना तो नावं बदलत जातो. त्याआधी डॉसचेक हा ग्नूचा छोटा प्रोग्राम फाइलींच्या यादीवर चालवा. कुठली नावं आठ-तीनमध्ये एकमेकांवर आदळतात आणि कुठली १४ अक्षरांच्या जुन्या युनिक्सवर, हे तो दाखवतो. काम कंटाळवाणं आहे, एखादी संध्याकाळ जाईल. मी तरीही हाच मार्ग सुचवतो, कारण आदळणारी जोडी इथं तुमच्या डोळ्यांसमोर येते आणि निर्णय तुम्ही घेता. नवी नावं देताना 'कॉन', 'ऑक्स', 'पीआरएन', 'नल' ही टाळा. एक्स्टेन्शन काहीही लावलं तरी डॉस त्यांना डिव्हाइस समजतं.

तिसरा मार्ग एबरहार्ड मात्तेस यांच्या एमटेकने (डॉसवरचं तयार टेक) दाखवला: अनेक पीके फाँट एकाच लायब्ररी फाइलीत बांधायचे. नावांचा प्रश्नच उरत नाही आणि डिस्कही वाचते. एक-दोन जीबीच्या फॅट१६ पार्टिशनवर एका क्लस्टरची, म्हणजे फाइलीला मिळणाऱ्या सगळ्यांत लहान तुकड्याची, जागा ३२ केबी असते. सीएमआर१०ची टीएफएम फाइल १२९६ बाइटची, तरी ती पूर्ण क्लस्टर अडवते. अशा लहान फाइलींचा ढीग असेल तर हा हिशोब नक्की करा.

डॉसऐवजी १४ अक्षरांच्या मिनिक्सवर (युनिक्ससारखी छोटी सिस्टिम) जायचं असेल तर त्रास पुष्कळ कमी. लाँगटेबल एक्स्टेन्शनसकट १३ मध्ये बसतं, इंडेंटफर्स्ट १५ होतं आणि अडतं. तिथं पाइपही आहेत.

मग कुणी काय घ्यावं

जुन्या मशीनवर नुसतं वापरायचंय, पोर्ट करायची हौस नाही, तर तयार एमटेक घ्या. १९९०च्या दशकातला लाटेकचा संच त्याच्यासोबत चालवा, आजचं टेक लाइव्ह तिथं कोंबू नका.

प्रोजेक्ट करायचाय आणि हाताशी एक सेमिस्टर आहे, तर ग्रॉफ. नावं, पाइप, बिल्ड, तिन्ही प्रश्न त्यात भेटतात आणि परीक्षकांना दाखवण्यासारखं खूप निघतं. वेळ कमी असेल तर फक्त देवनाग डीजेजीपीपीवर कंपाइल करून एमटेकला जोडा आणि एक मराठी पान छापून दाखवा.

आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या लग्नपत्रिकेसारखं काम असेल, मराठी, तेलुगू आणि कन्नड एकाच कागदावर, तर डॉसचा नाद सोडून लिनक्सवर झीटेक चालवा. जुनं मशीन तुमच्या प्रिंटरला जोडलेलंच राहणार असेल तर लिनक्सवर पोस्टस्क्रिप्ट किंवा प्रिंटरला समजेल अशी फाइल बनवा, तिला आठ अक्षरांच्या आतलं नाव द्या आणि तेवढीच एक फाइल डॉसकडे पाठवा.