टाइलसारखी दिसणारी कोटेड हार्डबोर्ड शीट : चकाकी उत्तम, घोळ खाचेत

सुमारे तीन मिलिमीटर जाडीच्या हार्डबोर्डवर, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीवर, टाइलच्या मापाच्या चौकटी आखून, त्यावर रंगाचे, छपाईचे आणि पारदर्शक लेपाचे थर चढवलेली शीट हा या परीक्षणाचा विषय आहे. १२२० बाय २४४० मिलिमीटरची एक पूर्ण शीट जेमतेम साडेनऊ-दहा किलोची भरते. तेवढ्याच भिंतीला लागणाऱ्या सिरॅमिक टाइलचे वजन, चिकटवण्याचा मसाला सोडूनही, याच्या कित्येक पट होते. त्यामुळे जुन्या भिंतीवर फारशी तोडफोड न करता टाइलचा देखावा उभा करायचा असेल, तर हा पर्याय विचारात घेण्याजोगा आहे, एवढे आधीच मान्य करतो.

पहिली नजर चकाकीवर जाते आणि तिथे ही शीट निराश करत नाही. दिव्याचे प्रतिबिंब सपाट भागावर फारसे थरथरत नाही, म्हणजे वरचा लेप सुकण्यापूर्वी नीट पसरलेला आहे. संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा अगदी तिरप्या प्रकाशातच जाणवतो. मात्र चकाकी ही नकलेची सर्वांत सोपी बाजू आहे. आजच्या रेझिनांच्या जोरावर ती कोणताही बरा कारखाना देऊ शकतो, आणि विक्रेते नेमके तिचेच गुणगान करत बसतात. टाइलचा आभास खऱ्या अर्थाने उभा राहतो किंवा ढासळतो तो दोन चौकटींमधल्या खाचेत, म्हणजे ग्राऊटच्या (टाइलांमधल्या फटी भरणाऱ्या मसाल्याच्या) रेषेत.

ती रेषा कशी तयार होते हे ठाऊक असले की दोष ओळखणे सोपे जाते. बोर्डवर आधी खाचा दाबून किंवा कोरून घेतात. मग ग्राऊटच्या रंगाचा पहिला लेप संपूर्ण पृष्ठभागावर, खाचेच्या तळापर्यंत पोहोचेल अशा रीतीने, फवारून किंवा पडद्यासारख्या सलग धारेखालून बोर्ड पुढे नेऊन दिला जातो. त्यानंतर टाइलचा रंग रोलरने लावतात. रोलर फक्त उंच भागाला टेकतो, खाचेत उतरत नाही, त्यामुळे खालचा ग्राऊटचा रंग आपोआप शिल्लक राहतो आणि दोन रंगांमधली हद्द वेगळे मास्किंग, म्हणजे खाचा झाकून घेणे, न करताच आखली जाते. युक्ती अतिशय देखणी आहे, पण ती रोलरचा दाब, त्याच्या रबराचा मऊपणा आणि रंगाचा दाटपणा या तिन्हींच्या ताळमेळावर उभी असते. दाब थोडा जरी वाढला, तरी रंग खाचेच्या ओठावरून आत घसरतो.

मी पाहिलेल्या शीटवर नेमके हेच झालेले आहे. भिंग लावून पाहिले असता, बोर्ड यंत्रात ज्या दिशेने पुढे सरकला त्या दिशेच्या खाचा स्वच्छ दिसतात; आडव्या खाचांच्या मात्र एकाच काठावर टाइलच्या पांढऱ्या रंगाची बारीक झालर जमलेली आहे, आणि जिथे चार चौकटींचे कोपरे एकत्र येतात तिथे ती अधिक जाड होते. दोन हातांच्या अंतरावरून झालर दिसत नाही, पण तिच्यामुळे आडव्या रेषा उभ्या रेषांपेक्षा किंचित बारीक वाटतात. खऱ्या टाइलकामात असा फरक नसतो, त्यामुळे नेमके काय खटकते ते सांगता आले नाही तरी डोळ्याला काहीतरी खटकत राहते.

छपाईतही एक गोष्ट उघडी पडते. टाइलवर संगमरवराच्या करड्या शिरा छापल्या आहेत आणि त्यांतली आकड्यासारखी वळलेली एक शीर दर सहा चौकटींनी जशीच्या तशी परत येते. रोलरने छापताना सिलिंडरचा परीघ चौकटींच्या अंतराच्या पूर्ण पटीत ठेवावा लागतो, नाहीतर चित्र खाचांशी जुळत नाही. परीघ संपला की नक्षीही पहिल्यापासून सुरू होते. शिरा फिकट ठेवल्या असत्या, तर ही पुनरावृत्ती लपली असती. इंकजेट छपाईत अशी अट नसते, म्हणून शिरांची नक्षी हवी असणाऱ्याने इंकजेटने छापलेली शीट मागावी. साध्या एकरंगी टाइलच्या नकलेला हा प्रश्नच येत नाही.

आता टिकाऊपणा. लेपाची पकड तपासण्यासाठी आयएसओ २४०९ या मानकातली पद्धत सोपी आहे: दोन्ही दिशांना सहा-सहा चिरा देऊन २५ चौकोनांची जाळी करायची आणि किती लेप सुटतो ते पाहून ० ते ५ अशी श्रेणी द्यायची, ज्यात ० सर्वोत्तम. लाकडासारख्या मऊ पृष्ठभागावर चिरांमधले अंतर दोन मिलिमीटर ठेवतात. सपाट भागावर एकही चौकोन सुटला नाही, हे उत्तम. सॉल्व्हंटने (रंग विरघळवणाऱ्या द्रवाने) भिजवलेला कापूस घासल्यावरही सपाट भाग तसाच राहिला, पण खाचेच्या कडेला लेप किंचित चिकट झाला, म्हणजे तिथे तो पुरता घट्ट झालेला नाही. वरचा पारदर्शक लेप अतिनील प्रकाशाने घट्ट केलेला आहे आणि हा प्रकाश सरळ वरून येत असल्यामुळे खाचेच्या उभ्या भिंतींना तो कमी मिळतो, हे त्याचे सर्वांत संभाव्य कारण. हळद, तेल किंवा केसांचा रंग यांचे डाग पुढे तिथेच धरतील. ओव्हनमध्ये भाजून घट्ट होणाऱ्या मेलामाइन लेपात ही अडचण येत नाही, कारण उष्णता खाचेतही पोहोचते. मात्र तिथे बोर्डमधला ओलावा उडून जातो आणि तो पुन्हा मुरवला नाही तर शीट वाकते. उत्पादकाने खाचेच्या भिंती अधिक उतरत्या केल्या, किंवा दिव्यांचे कोन बदलले, तरी हा दोष बराच कमी होईल.

पाण्याच्या बाबतीत दर्शनी बाजू भक्कम आहे. कमजोर आहेत ते कापलेले काठ आणि जाळीचा ठसा असलेली पाठ. हार्डबोर्ड म्हणजे शेवटी उष्णता आणि दाबाने घट्ट बसवलेले लाकडाचे तंतूच. कापलेली पट्टी पाण्यात ठेवली की काठ फुगतो आणि त्याच्यावरचा लेप केसासारख्या चिरांनी फाटतो. म्हणून शॉवरखाली, किंवा पाणी साचून राहील अशा कट्ट्यालगत ही शीट लावू नये. वॉश बेसिनमागे लावायची असेल, तर प्रत्येक काठाला, नळासाठी पाडलेल्या भोकाच्या कडेलासुद्धा, सिलिकॉन सीलंट भरणे अपरिहार्य आहे. शेगडीमागची जागाही हिची नव्हे: टाइलची झिलई हजार अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक तापमानाला भाजलेली असते, तर हा लेप सेंद्रिय आहे आणि सततच्या झळांनी तो पिवळा पडतो किंवा फोड धरतो.

बसवण्याविषयी उत्पादकाची सूचनापत्रिका त्रोटक आहे. शीट भिंतीवर लावण्यापूर्वी दोन दिवस त्याच खोलीत मोकळी उभी ठेवावी, कारण हवेतल्या ओलाव्यानुसार तिची लांबी काही मिलिमीटरने बदलते. दोन शीटमध्ये फट न ठेवता ती घट्ट बसवल्यास पुढे मधोमध फुगवटा येतो. हातकरवतीने कापताना दर्शनी बाजू वर ठेवावी आणि हातात धरायच्या गोल पात्याच्या यंत्राने कापताना ती खाली ठेवावी, म्हणजे लेपाचे टवके उडत नाहीत. कापण्याची रेषा शक्यतो खाचेच्या मधोमध घ्यावी, कारण सांध्याची पट्टी तिथे बसली की ती ग्राऊटच्या रेषेतच मिसळून जाते.