बोत्सवानातल्या सुक्या फाने अळ्या: सीलबंद पाकीट घ्यावं की सुटा माल?

बोत्सवानात राहताय आणि 5 पुलाचं (पुला म्हणजे तिथलं चलन) नाणं कधी उलटून बघितलं नसेल तर बघा, त्यावर मोपानेच्या फांदीवरची अळी आहे, तीच ही फाने. मोपाने झाडाची पानं खाऊन खाऊन बोटाएवढी जाड होते, पुढे तिचा मोठा पतंग व्हायचा असतो, पण त्याआधीच बायका-पोरं तिला झाडावरून वेचतात, दाबून पोटातला हिरवा चोथा पिळून काढतात, मिठाच्या पाण्यात उकळतात आणि उन्हात खडखडीत वाळवतात. आपली सुकट असते ना, तसलंच प्रकरण, वाससुद्धा त्याच घराण्यातला.

सुपरमार्केटमधलं पाकीट आणि फ्रान्सिसटाऊनच्या बाजारातला सुटा माल, दोन्ही खाऊन लिहितोय. पाकीट दिसायला झकास, पण अळी मोडली की आत काळपट हिरवा भुगा, म्हणजे चोथा धड पिळलेलाच नाही, मग कितीही धुवा, दाताखाली कचकच लागतेच आणि मागाहून पाल्याची कडवट चव. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तो लॉटच खराब असेल कदाचित. बाजारातली बाई मात्र मागायच्या आत एक अळी कट्कन मोडून हातावर ठेवते, आत पोकळ, स्वच्छ, विषय संपला. फक्त माल दमट लागला किंवा बुरशीचा वास आला तर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.

तिथले लोक कोरडीच चघळतात, मला डोक्याकडची बाजू फार टणक लागते बुवा. भिजवून, उकळून मग भरपूर कांदा टोमॅटो मिरचीवर परतली आणि ज्वारीच्या घट्ट बोगोबेबरोबर, म्हणजे तिथल्या लापशीबरोबर, घेतली की खरी मजा, रस्सा आत शिरतो आणि चावायला मटणाच्या चिवट तुकड्यासारखी लागते. वरून मीठ घालायच्या आधी चाखा, अळीतच पुरेसं असतं.

पौष्टिकतेचं म्हणाल तर उगाच हवा नाहीये. सुक्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास किंवा जास्तच प्रोटीन, आणि एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) 2013 च्या अहवालात लोह 100 ग्रॅम सुक्या अळीत 31 ते 77 मिलिग्रॅम दिलंय, बीफमध्ये तेवढ्याच सुक्या वजनाला 6. प्रोटीन पावडरच्या डब्यावर पगार उडवणाऱ्यांनी वाचून घ्या. पण कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असेल तर याच्या वाटेला जाऊ नका, तसलाच त्रास यातूनही होऊ शकतो.

माल पावसावर अवलंबून, साधारण डिसेंबर-जानेवारीत एक बहर आणि मार्च-एप्रिलकडे दुसरा, त्यानंतर लगेच घेतला तर ताजा मिळतो.

पाकिटाला 5 पैकी 2, सुट्या मालाला 4. एक कापला तो वासासाठी, शिजवताना खिडक्या सताड उघड्या ठेवा नाहीतर पडद्यांना दोन दिवस वास राहतो.