ईआयएची (पर्यावरण परिणाम मूल्यांकनाची) ओळख करून देणारी वीकेंड कार्यशाळा: गावातल्या माणसांनी करावी का?

करावी. ग्रामपंचायतीत असाल किंवा तुमच्या तालुक्यात खाण, हायवे, बंदर असं काही येऊ घातलं असेल तर नक्कीच करावी. रत्नागिरीजवळ एका संस्थेने ऑगस्टमध्ये शनिवार-रविवार घेतली, मी आणि गावातले काही जण जाऊन आलो, आणि जायच्या आधी मी शोधत होते तेव्हा मराठीत अशा कोर्सबद्दल कुणाचा काही अनुभव सापडला नव्हता म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

विषय पर्यावरण परिणाम मूल्यांकन, सगळे ईआयएच म्हणतात. प्रकल्प उभा राहायच्या आधी त्याने हवा, पाणी, जमीन, जंगल आणि माणसं यांचं काय होणार ते तपासायचं आणि त्यावरून मंजुरी द्यायची का, दिली तर कुठल्या अटींवर, ते ठरवायचं. अमेरिकेत याच्या कायद्यावर १ जानेवारी १९७० ला सही झाली, आपल्याकडे पहिली अधिसूचना १९९४ ची आणि सध्या चालते ती १४ सप्टेंबर २००६ ची. हा इतिहास त्यांनी पटकन उरकला ते बरं केलं.

शनिवारी सकाळी टप्पे शिकवले: छाननी म्हणजे प्रकल्प कुठल्या गटात बसतो ते ठरवणं, मग अभ्यासात काय काय बघायचं ते ठरवणं, मग लोकांचं म्हणणं, मग तज्ज्ञ समितीची तपासणी. यातल्या छाननीवर शिकवणाऱ्या मॅडमनी बराच वेळ दिला आणि तो द्यायलाच हवा होता, कारण प्रकल्प 'अ' गटात गेला तर केंद्राकडे, 'ब' मध्ये गेला तर राज्याकडे, आणि 'ब' मधल्याच 'ब-२' मध्ये गेला की ईआयए रिपोर्टही लागत नाही आणि जनसुनावणीही होत नाही. म्हणजे गट ठरतो तिथेच अर्धं काम झालेलं असतं आणि गावाला तेव्हा पत्ताही नसतो.

सुरुवातीच्या अर्जात कंपनी काय लिहिते हे किती महत्त्वाचं त्याला त्यांनी गोव्यातल्या मोपा विमानतळाचं उदाहरण घेतलं. किती झाडं पडणार आणि १५ किलोमीटरच्या आत कुठली संवेदनशील क्षेत्रं येतात हे अर्जात नीट सांगितलेलं नव्हतं म्हणून सुप्रीम कोर्टाने मार्च २०१९ मध्ये मंजुरी स्थगित केली होती, मग जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली पण सोबत अटी पाळल्या जातायत का ते बघायला निरी या सरकारी पर्यावरण संशोधन संस्थेला नेमलं. विमानतळ झालाच ना मग काय उपयोग, असं एकाने विचारलं. मला तरी उपयोग दिसतो, त्या अर्जातले रकाने नुसते भरायचे नसतात, खरे भरायचे असतात, हे देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टाने सांगितलं ही छोटी गोष्ट नाही.

दुपारचं सेशन रिपोर्ट कसा वाचायचा यावर होतं आणि माझ्या मते फी इथेच वसूल झाली. शिकवणारे सर स्वतः असे रिपोर्ट बनवण्याच्या कामात होते, त्यामुळे आतलं सगळं माहिती. आपल्याच जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या रिपोर्टमध्ये रशियातल्या खाणीच्या रिपोर्टमधले उतारे उचललेले निघाले होते, २००७ च्या सुमाराची गोष्ट, त्यात पक्ष्यांचा अधिवास म्हणून स्प्रूस आणि बर्च या थंड प्रदेशातल्या झाडांची जंगलं लिहिलेली होती. रत्नागिरीत! हे लक्षात आलं ते कुणीतरी बसून तो रिपोर्ट वाचला म्हणून. तेव्हापासून मी रिपोर्ट हातात आला की आधी वनस्पतींची यादी काढते.

पण सगळ्यात मोलाचं होतं ते मोसमाचं. बऱ्याच प्रकल्पांना प्रकल्पाभोवतीच्या १० किलोमीटरमधला एकाच मोसमाचा डेटा चालतो आणि तो पावसाळा सोडून घ्यायचा असतो. धुळीच्या दृष्टीने हे बरोबर आहे, पावसात धूळ बसते, आकडे चांगले येतात, खरं प्रदूषण कोरड्या दिवसांतच कळतं. पण आमचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार? जानेवारीत गेलात तर काळा कातळ आणि वाळकं गवत, सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणजे लागवडीला अयोग्य, रिपोर्टमध्ये 'ओसाड जमीन' लिहून मोकळे. रविवारी सकाळी त्यांनी आम्हाला भर पावसात सड्यावर नेलं, सीतेची आसवं आणि गेंद ही रानफुलं फुललेली, डबक्यांत बेडकांची पिल्लं, आणि मग खाली वाडीत नेऊन दाखवलं की वर मुरलेलं तेच पाणी जांभ्यातून झिरपत विहिरींना आणि पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, येतं. चिरेखाण किंवा काहीही सड्यावर आलं तर आधी पाणी जाणार ते खालच्यांचं, आणि उन्हाळ्यातल्या सर्वेत हे दिसणारच नाही. मी जन्मापासून इथली, तरी हे असं जोडून कधी कुणी सांगितलं नव्हतं. रिपोर्ट उघडला की कुठल्या महिन्यात मोजलं ते आधी बघा, एवढं एक जरी घेऊन आलात तरी पुरे.

नंतर लुटुपुटूची जनसुनावणी घेतली, कुणी कलेक्टर, कुणी कंपनी, बाकी गावकरी. आधी किमान ३० दिवसांची नोटीस लागते, सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ आयोजित करतं, व्हिडिओ काढावा लागतो, कोरम नसतो, मतदान नसतं. शेवटी काय काय मुद्दे आले ते स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं असतं, हे मला अजिबात माहिती नव्हतं आणि मी आता आमच्या सरपंचांना लेखी देऊन ठेवलंय. 'आमचा विरोध आहे' जरूर म्हणा, पण सोबत 'कुठल्या विहिरींची पातळी कुठल्या महिन्यात मोजली' असं नेमकं विचारलं तर अंतिम रिपोर्टमध्ये त्याचं उत्तर द्यावं लागतं.

आता जे आवडलं नाही ते. स्लाइड्स सगळ्या इंग्रजीत, बोलणं मराठीत, त्यामुळे आमच्यासोबत आलेल्या काकूंना लिहून घेताना फार त्रास झाला, आणि लिओपोल्ड मॅट्रिक्स म्हणजे १०० कामं आणि ८८ पर्यावरणाचे घटक यांचा जो मोठा तक्ता आहे तो तर पडद्यावर वाचताही येत नव्हता. मच्छीमार, गुरं चारणारे, कुळं यांच्यावर काय परिणाम होतो यावर जेमतेम काही मिनिटं दिली, कोकणात हे चालणार नाही. मंजुरी मिळाल्यानंतरचा भागही घाईत गेला, कंपनीने दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, अटींच्या पालनाचा अहवाल द्यायचा असतो, तो कसा तपासायचा हे करून दाखवायला हवं होतं. आणि रिपोर्ट बनवणाऱ्याला पैसे कंपनीच देते, या मुद्द्यावर एकाने सरांना विचारलं तर ते प्रामाणिकपणे बोलले पण वेळ संपला म्हणून चर्चा तुटली, ती व्हायला हवी होती.

फी वाजवी होती, ग्रामपंचायत सदस्यांना सवलत, जेवण त्यातच आणि साधं, चांगलं. बॅच जरा मोठी होती. मुलाबाळांना घेऊन जाऊ नका, सड्यावर पाय घसरतो. जाणार असाल तर पावसाळ्यातलीच बॅच धरा, आणि तुमच्या भागातल्या एखाद्या प्रकल्पाच्या ईआयए रिपोर्टचा मराठी सारांश सोबत न्या, सर दुपारच्या चहाला तोच उघडून एकेक पान समजावून देतात, आमचा तसाच घेतला.