मशीन भारी, काउंटर म्हणजे डोक्याला ताप (३/५)

एमआरआय सेंटरचं नाव टाकत नाही, नाशिकमधलंच आहे. भाच्याला, वय १९, चार-पाच वर्षं झाली फिट येतात, म्हणजे धाडकन पडत वगैरे नाही, बोलता बोलता एकदम टक लावून बसतो, तोंड मचमच करतो, शर्टाचं बटण चिवडत राहतो आणि मिनिटभराने मलाच विचारतो काय झालं मामा. कांदा हुंगवण्यापासून सगळं करून झालंय. दोन गोळ्या चालू तरी थांबेना, आणि जुना १.५ टेस्लाचा (टेस्ला म्हणजे मशीनच्या चुंबकाची ताकद) एमआरआय तर नॉर्मल, त्यामुळे ताईचं एकच, डोक्यात काही नाहीचे मग गोळ्या कशाला.

यावेळी न्यूरोच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर ३ टेस्ला, एपिलेप्सी प्रोटोकॉल (म्हणजे फिटसाठीची खास स्कॅनची पद्धत), हिप्पोकॅम्पल व्हॉल्यूमेट्री (मेंदूच्या आतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाचं आकारमान मोजणं, हा भाग डावीकडे एक, उजवीकडे एक) असं सगळं लिहून दिलं. सिन्नरहून निघालो, द्वारकाला अडकलो (ते आपलं ठरलेलंच), अपॉइंटमेंट साडेनऊची आणि नंबर पावणेबाराला. तेही चालतं हो, पण काउंटरवर पावती फाडली साध्या ब्रेनची! चिठ्ठी वाचा म्हटलं तर म्हणे ब्रेन म्हणजे ब्रेनच ना काका. आतून टेक्निशियन आला म्हणून वाचलो, नाहीतर परत नॉर्मल घेऊन घरी.

हा टेक्निशियन पोरगा मात्र एक नंबर. म्हणाला साध्या स्कॅनमध्ये पाचेक मिलिमीटरच्या जाड चकत्या घेतात, बारीक डाग त्यात सहज निसटतो, इथे १ मिलिमीटरचा थ्रीडी घेतो आणि हिप्पोकॅम्पसला बरोबर काटकोनात वेगळ्या बारीक चकत्या. भाच्याच्या कमरेचा करदोडा काढायला लावला, कानात बोळे घातले, पाऊण तास ठकठक ठकठक, पण दर थोड्या वेळाने माइकवरून झालं रे थोडंच राहिलं म्हणत होता. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन लागलं नाही.

रिपोर्टमध्ये यावेळी आकडे आले. डावा हिप्पोकॅम्पस २.३ सीसी, उजवा ३.४, आणि डावीकडे टी२चा वेळ (एमआरआयमधलंच एक माप) वाढलेला, म्हणजे तिथे वण धरलाय. डॉक्टर म्हणाले नुसत्या नजरेने डावं-उजवं ताडून बघतात, फरक थोडा असला किंवा दोन्हीकडे आकसलं असलं की नजर फसते, मोजलं की त्या वयाच्या नॉर्मल माणसांच्या आकड्यांशी लावता येतं. पण नुसत्या आकड्यावर ऑपरेशन ठरत नाही, फिट तिथूनच सुटते का ते बघायला आता व्हिडिओ ईईजी, म्हणजे व्हिडिओ चालू ठेवून मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद. ताई रिपोर्ट हातात धरून बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली गोळीची वेळ झाली याच्या.

एक स्टार पावतीचा कापला, एक सीडीचा. डॉक्टरांकडे लावली तर कोरी, परत सिन्नर-नाशिक हेलपाटा. घेताना तिथेच लावून दाखवायला सांगा आणि पावतीवर प्रोटोकॉलचं नाव आहे का बघूनच पैसे द्या.