घरगुती शुक्राणू चाचणी संच : आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझे वय ४४, पत्नीचे ३७. दीड वर्ष होऊनही दिवस गेले नाहीत आणि तिच्या सगळ्या तपासण्या नीट आल्या, तेव्हा माझी पाळी आली. प्रयोगशाळेत नमुना देण्याचा संकोच वाटल्यामुळे चार पट्ट्यांचा हा घरगुती संच मागवला. आठ महिन्यांत तीन पट्ट्या वापरल्या.

वापर सोपा आहे. नमुना पातळ होईपर्यंत अर्धा तास थांबायचे, द्रावणात मिसळून थेंब पट्टीवर सोडायचे आणि रेषांची वाट पाहायची. दर मिलिलिटरला दीड कोटींपेक्षा जास्त शुक्राणू असतील तर दोन रेषा उमटतात. माझ्या तिन्ही वेळा दोन रेषा आल्या आणि त्या समाधानात आम्ही पाच महिने घालवले. ते पाच महिने मला अजूनही सलतात.

पुरुषाचे वय वाढते तसे संख्येत फारसे काही दिसेलच असे नाही. फरक आधी वीर्याच्या प्रमाणात, शुक्राणूंच्या हालचालीत आणि त्यांच्यातील डीएनएच्या तुटण्यात दिसू लागतो, आणि यांपैकी एकही गोष्ट ही पट्टी मोजत नाही. अखेर मूत्ररोगतज्ज्ञांनी प्रयोगशाळेत पाठवले, तेव्हा संख्या उत्तम निघाली, पण वीर्य १.३ मिलिलिटर आणि पुढे सरकणारे शुक्राणू २६ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा अनुक्रमे १.४ मिलिलिटर आणि ३० टक्के आहे. आकडा या मर्यादेखाली गेला म्हणजे वंध्यत्व नव्हे, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितले, आणि ते ऐकणे आम्हा दोघांना फार गरजेचे होते.

सोबत सकाळच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉनही तपासले. ते दिवसभरात कमी होत जाते, म्हणून वेळ पाळावी लागते. शिवाय वयाबरोबर या संप्रेरकाला बांधून ठेवणारे प्रथिन रक्तात वाढते, त्यामुळे एकूण आकडा ठीक दिसला तरी शरीराला वापरता येणारा मोकळा भाग घटलेला असू शकतो. वृषणांचे काम मंदावू लागले की मेंदूतील पीयूषिका ग्रंथी जोर लावते आणि एफएसएच, म्हणजे वृषणांना शुक्राणू बनवायला लावणारे तिचे संप्रेरक, वाढते. माझे वरच्या मर्यादेजवळ होते.

नमुना घरून न्यायचा असेल तर आधी दोन ते सात दिवस वीर्यस्खलनात खंड पाळावा आणि डबी अंगाजवळच्या खिशात ठेवून तासाभरात पोहोचवावी. कोथरूडहून आम्ही सकाळी साडेसातलाच निघालो, कारण उशीर झाला की नळ स्टॉपच्या चौकातच निम्मा वेळ जातो.

शुक्राणू तयार होऊन बाहेर यायला सुमारे तीन महिने लागतात, म्हणून सवयी बदलल्यावर लगेच फेरतपासणी करण्यात अर्थ नसतो. मी सिगारेट आणि मांडीवर लॅपटॉप ठेवून काम करणे बंद केले. तीन महिन्यांनी हालचाल ३३ टक्क्यांवर आली. एवढा फरक दोन नमुन्यांत एरवीही पडू शकतो, त्यामुळे त्याचे श्रेय मी कशालाच देत नाही.

संच खोटा नाही. जे मोजतो ते बरोबर मोजतो. मात्र खोक्यावर 'प्रजननक्षमता तपासा' असे ठळक छापले आहे आणि फक्त संख्या मोजली जाते, हे आतल्या पत्रकात बारीक अक्षरांत आहे. चाळिशीनंतर मूल हवे असणाऱ्यांनी हा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चौथी पट्टी तशीच पडून आहे. डीएनए तुटण्याची तपासणी पुढच्या महिन्यात प्रयोगशाळेतच करणार आहोत.