चार्जिंग स्टेशनची जागा शोधणारं टूल: एक्सेल शीट, विकतचा प्लॅटफॉर्म की स्वतः बांधायचं?

‘नकाशावर चांगल्या जागांच्या पिना टाकून देणारं काहीतरी हवंय’, अशी बहुतेकांची मागणी असते. आमचीही तीच होती. पिना टाकणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे, हे कळायला आम्हाला एक अख्खं टूल बांधावं लागलं.

वाटा तीन आहेत. क्यूजीआयएस (संगणकावर नकाशे तयार करायचं सॉफ्टवेअर) आणि एक्सेल शीटवर भागवायचं, वर्गणी भरून तयार प्लॅटफॉर्म घ्यायचा, किंवा स्वतःचं वेब टूल उभारायचं. मी तिन्हींवर काम केलंय आणि तिन्हींना शिव्या घातल्यात. कोणती वाट कोणाला परवडते, ते सांगतो.

शीटवाली वाट

हिला कमी लेखू नका. क्यूजीआयएस फुकट आहे आणि 2002 पासून घडत आलेलं आहे. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावरून रस्ते, पार्किंग आणि नोंदवलेली चार्जिंग स्टेशनं मिळतात. वर्ल्डपॉपकडून 100 मीटरच्या चौकटींत लोकसंख्येचा अंदाज मिळतो. हे माहितीचे थर नकाशावर एकावर एक ठेवले, तीस-चाळीस जागा निवडल्या आणि प्रत्येकीसाठी शीटमध्ये एक ओळ केली, की कामाला लागता येतं. वर्षाला पंधरा-वीस जागा ठरवायच्या असतील तर दुसरं काही बांधायच्या फंदात पडू नका.

अडतं ते दोन ठिकाणी. एक, सगळं एकाच माणसाच्या लॅपटॉपवर राहतं. तो सोडून गेला की मागे ‘फायनल_नवीन_3’ नावाची फाइल उरते आणि त्यातला पिवळा रंग म्हणजे काय, हे कोणालाच सांगता येत नाही. दुसरं, घाईत माणूस जागेभोवती दोन किलोमीटरचा गोल काढून मोकळा होतो. त्या गोलात नदी असते, रेल्वेचे रूळ असतात. गाडी गोलातून जात नाही, रस्त्यावरून जाते. म्हणून अंतराऐवजी ‘दहा मिनिटांत कुठवर पोहोचता येतं’ हे काढा. ओपनराउटसर्व्हिस किंवा व्हॅलहाला ही मार्ग काढणारी सॉफ्टवेअर ते काढून देतात.

विकतचा प्लॅटफॉर्म

इथे पहिल्याच दिवशी रंगीत नकाशा दिसतो आणि साहेब खूश होतात. खरी जमेची बाजू म्हणजे रहदारीचा डेटा: कोणत्या रस्त्यावरून किती गाड्या जातात, कुठे किती वेळ थांबतात. मोबाइलच्या हालचालींवरून काढलेली ही माहिती एकट्या संस्थेला गोळा करणं जवळपास अशक्य असतं. अनोळखी प्रदेशात शिरायचं असेल आणि हाताशी माणसं कमी, पैसे जास्त असतील, तर ही वाट योग्य.

पण प्लॅटफॉर्म सांगतो, ‘या जागेला 87 गुण’. का 87? शेजारच्या जागेला 81 का? याचं उत्तर पेटीत कुलूपबंद असतं. जागामालकासमोर किंवा पैसे मंजूर करणाऱ्या समितीसमोर बसल्यावर ‘सॉफ्टवेअर म्हणतंय’ हे कोणी ऐकून घेत नाही. विकत घ्यायच्या आधी दोन प्रश्न विचारा. भारांक, म्हणजे कोणत्या गोष्टीला किती वजन द्यायचं ते, आम्हाला बदलता येतील का? आणि वर्गणी थांबवली तर आम्ही भरलेली माहिती बाहेर काढता येईल का? दुसऱ्या प्रश्नावर समोरचा चाचरला, तर चहा पिऊन निघा.

स्वतःचं टूल

डेटाबेस म्हणून पोस्टजीआयएस, नकाशा दाखवायला लीफलेट किंवा मॅपलिब्रे. यावर फार खल करू नका, कोणताही बरा प्रोग्रामर हे काही आठवड्यांत उभं करतो. परवान्यांकडे मात्र पहिल्याच दिवशी बघा. ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा श्रेय देऊन आणि त्यांच्या परवान्याच्या अटी पाळून ठेवता येतो. गूगलच्या ठिकाणांची माहिती उचलून आपल्या डेटाबेसात कायमची ठेवायला त्यांच्या अटी मना करतात. ठिकाणाचा ओळख क्रमांक तेवढा ठेवता येतो. हे उशिरा कळलं की अर्धं टूल पुन्हा लिहावं लागतं.

आता मुख्य भानगड. टूलच्या पोटात गणित कोणतं घालायचं?

सगळे सुरुवात करतात भारांकाच्या गुणांनी. रहदारीला 30, लोकसंख्येला 20, वीजजोडणीला 25, असं करत बेरीज. भारांक अंदाजाने ठोकू नयेत म्हणून गणितज्ञ थॉमस साटी यांची जोड्या लावून तुलना करण्याची पद्धत वापरता येते. मतं एकमेकांशी विसंगत असली तर ती तसं दाखवूनही देते. इथवर ठीक.

आम्हीही तेच केलं. एचथ्री, म्हणजे नकाशाचे षटकोनी तुकडे पाडायची पद्धत, वापरून परिसराच्या चौकटी पाडल्या, प्रत्येकीला गुण दिले आणि पहिल्या दहा काढल्या. दहापैकी सात एकाच चौकाभोवती आल्या, एकमेकींना चिकटून. गणितात चूक नव्हती. तो चौक खरोखरच चांगला होता, म्हणून त्याचे शेजारीही चांगले. प्रत्येक चौकटीला गुण देताना बाकीच्या अस्तित्वातच नाहीत असं धरलं होतं. तिथे सात स्टेशनं बांधली असती तर आपलीच गिऱ्हाइकं आपण पळवली असती.

यावर उतारा जुना आहे. चर्च आणि रेव्हेल या संशोधकांनी 1974 मध्ये प्रश्न असा मांडला: ठरावीक संख्येच्या जागा अशा निवडा, की जास्तीत जास्त मागणी त्यांच्या आवाक्यात येईल. म्हणजे जागा सुट्या न तपासता संच तपासायचा. 40 जागांतून 10 निवडायचे प्रकार 84,76,60,528 होतात. हाताने अशक्य, पण हायग्ज किंवा सीबीसीसारखा फुकट सॉल्व्हर (सर्वोत्तम निवड शोधून देणारं सॉफ्टवेअर) एवढं उदाहरण सहसा चुटकीसरशी सोडवतो. सॉल्व्हर नको असेल तर साधी युक्ती: पहिली सर्वोत्तम जागा घ्या, तिने भागवलेली मागणी वजा करा, मग दुसरी शोधा. सर्वोत्तम उत्तराच्या किमान 63 टक्के व्याप्ती तरी याने मिळते हे सिद्ध झालेलं आहे, आणि व्यवहारात बहुधा त्याहून बरीच जास्त मिळते. क्यूजीआयएसवाल्यांनाही हे शीटमध्ये जमतं.

महामार्गासाठी मात्र हेही पुरत नाही. तिथे मागणी एका ठिकाणी बसलेली नसते, ती प्रवास करत असते. क्युबी आणि लिम या संशोधकांचं 2005 चं मॉडेल ठिकाणांऐवजी पूर्ण प्रवास मोजतं: बॅटरीच्या पल्ल्यात हा प्रवास कुठेही न अडकता पुरा होतो का? शहरातलं टूल उचलून महामार्गावर वापरणारे इथेच फसतात.

एसी (हळू) आणि डीसी (जलद) चार्जर यांनाही एकच भारांक लावू नका. 40 युनिट भरायला 7.4 किलोवॅटच्या एसी चार्जरला पाच तासांहून जास्त लागतात. 60 किलोवॅटच्या डीसीला चाळीस मिनिटं, आणि बॅटरी 80 टक्क्यांच्या वर गेली की वेग पडतो तो वेगळाच. पहिल्यासाठी गाडी तशीही उभी राहणार असलेली जागा शोधायची, दुसऱ्यासाठी वाटेवरची. हे दोन वेगळे नकाशे आहेत.

जे कोणत्याच टूलमध्ये आयतं नसतं

वीज. समजा 200 केव्हीएचा (ढोबळमानाने तेवढ्याच किलोवॅटचा) ट्रान्सफॉर्मर आहे आणि संध्याकाळी त्यावर 130 चा भार आधीच असतो, म्हणजे उरतात 70. तिथे 60 किलोवॅटचे दोन डीसी चार्जर पूर्ण ताकदीने चालू शकत नाहीत. मग एकतर चार्जरची ताकद वाटून द्यायची, नाहीतर वाढीव लोडसाठी अर्ज करून वाट बघायची. काही ठिकाणी वीज कंपन्या रिकाम्या क्षमतेचा नकाशा जाहीर करतात. तो असेल तर सगळ्यात आधी तो थर चढवा. नसेल तर प्रत्येक जागेसाठी विचारून भरावं लागतं. आमच्या टूलमध्ये ‘रिकामा लोड’ या रकान्याशेजारी ‘कोणी सांगितलं’ आणि ‘कोणत्या तारखेला’ असे दोन रकाने आहेत. सहा महिन्यांपूर्वीचा रिकामा लोड एव्हाना दुसऱ्या कोणीतरी घेतलेला असू शकतो.

आणि प्रत्यक्ष पाहणी. आमच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर आलेली एक जागा बघायला गेलो, तर पार्किंग तळघरात दोन मजले खाली. खिशातून फोन काढला, एकही दांडी नाही. ओसीपीपीवर, म्हणजे चार्जर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याच्या ठरलेल्या पद्धतीवर, चालणाऱ्या चार्जरला मध्यवर्ती सर्व्हरशी बोलायला नेटवर्क लागतं. वायर ओढायचा खर्च धरला तर ती जागा थेट अकराव्या क्रमांकावर जात होती. दुसऱ्या एका ठिकाणी पिन बरोबर होती, पण गर्दीची बाजू दुभाजकापलीकडे आणि वळण बरंच पुढे. एचथ्रीच्या आठव्या पातळीची एक चौकट सरासरी पाऊण चौरस किलोमीटरची असते, तिच्यात रस्त्याच्या दोन्ही बाजू सहज मावतात. नंतर आम्ही नवव्या पातळीवर उतरलो, चौकट साधारण एक दशांश चौरस किलोमीटरची झाली, पण दुभाजक तेवढ्यानेही दिसत नाही. तो माणसालाच दिसतो. म्हणून पाहणीला जाणाऱ्याच्या मोबाइलवर चालणारा फॉर्म, फोटोसकट, हा टूलचा भाग हवाच. शीटवाल्यांना साधा ऑनलाइन फॉर्म पुरतो.

मग घ्यायचं काय?

जागा वीसच्या आत असतील तर शीट, आणि वाचलेले पैसे पाहणीवर. नवा प्रदेश, घाईची मुदत आणि हाताशी तंत्रज्ञ नसेल तर विकतचा प्लॅटफॉर्म, पण करार एका वर्षाचाच. स्वतःचं टूल तेव्हाच बांधा, जेव्हा तुमची स्टेशनं आधीच चालू आहेत आणि त्यांचा वापर, म्हणजे रोज किती गाड्या, किती युनिट, किती वेळ रांग, टूलमध्ये परत येणार आहे. ही माहिती परत येत नसेल तर घरचं टूल म्हणजे महागडी शीट. शिवाय बांधणाऱ्याचा पगार एकदाचा धरू नका. रस्ते बदलतात, नवी स्टेशनं उगवतात; दर महिन्याला कोणीतरी थर ताजे करत बसावं लागतं, त्या माणसाचं नाव आधी ठरवा.

निवड काहीही असो, सही करण्याआधी एक परीक्षा घ्या. चालू असलेल्या दहा-बारा स्टेशनांच्या जागा टूलला द्या, वापराचे आकडे लपवून ठेवा आणि क्रम लावायला सांगा. मग आकडे शेजारी ठेवा. आमच्या पहिल्या आवृत्तीने आमचं सगळ्यात जास्त चालणारं स्टेशन नवव्या क्रमांकावर टाकलं होतं. कारण शोधलं तर त्याच्याजवळची टॅक्सीवाल्यांची थांबायची जागा आमच्या एकाही थरात नव्हती.